सोनं विसर, कडा बघ

मधूमामांना वेळ विचारायची नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. नव्या सुनेला तो पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवतात, नाहीतर भाजी करपते. मामा आधी डावी बाही वर सरकवतात, मनगट खिडकीकडे वळवतात, तबकडीकडे बघत राहतात आणि म्हणतात, "सेकंदकाटा बघितलास? टकटक उड्या मारत नाही. एका सेकंदात पाच-सहा पावलं टाकतो, म्हणून सरकल्यासारखा वाटतो." मग बॅलन्स व्हील येतं, मग केसापेक्षा बारीक स्प्रिंग येते, मग स्वित्झर्लंडच्या डोंगरातली खेडी येतात. किती वाजले ते आपण भिंतीवरच्या घड्याळात बघून घ्यायचं.

मनगटावर काय, तर लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एचएमटी कांचन. त्या काळात जावयाला कांचन मिळालं की वरपक्षाची मान ताठ होई. आता त्याचा सोनेरी मुलामा कडांवरून उडालाय, आतलं पांढरं दिसायला लागलंय, आणि मामांना त्याचं काहीच वाटत नाही. त्यांचा जीव दुसरीकडेच जडलाय. तो जडलाय अस्सल सोन्याच्या, खेळासाठी म्हणून बनवलेल्या स्विस घड्याळांवर. त्यातलं एकही त्यांच्याकडे नाही, होणार नाही, आणि व्हावं अशी त्यांची खटपटही नाही. किंमत मी इथं लिहीत नाही. हा अंक मामींच्या हाती पडण्याची शक्यता आहे.

अशी माणसं तुमच्याही नात्यात असतील. बसच्या पासावर फिरणारा आणि जर्मन गाड्यांच्या गिअरबॉक्सवर तासभर बोलणारा एखादा चुलता, भाड्याच्या दोन खोल्यांत राहून वाड्यांच्या लाकडी खांबांचं कोरीवकाम ओळखणारी एखादी आत्या. हेवा नसतो, हाव नसते. वस्तू कुणाची का असेना, ती चांगली घडलेली आहे एवढ्यावर ही मंडळी खूश. दुसऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बघून मामा जितके सुखी होतात, तितका ते घड्याळ घालणारा झालेला मी पाहिलेला नाही.

याचं मूळ पिंपरीत आहे. मामांची सगळी नोकरी तिथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. पोलादाचा ठोकळा घेऊन त्याला मायक्रॉनमध्ये आणायचा, कडेला चॅम्फरचा तिरका उतार द्यायचा, बोट फिरवून कापताना उरलेली खरबरीत बर राहिली नाही ना ते बघायचं. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं. मामा मात्र आठवण म्हणून एक दहापट भिंग घेऊन आले, ते अजून खिशात असतं. जेवणाच्या ताटात केस निघाला तर तोही आधी भिंगाखाली जातो.

एरवी लोक सोन्याचं घड्याळ बघतात तेव्हा त्यांना सोनं दिसतं. मामा हे पाहून कळवळतात. "सोनं विसर," ते म्हणतात, "कडा बघ!" हे त्यांचं आवडतं वाक्य. मग समजावून सांगतात. ऑडेमार पिगेचं रॉयल ओक घे. वरची अष्टकोनी कडी. तिची सपाट बाजू बारीक रेघांची, मंद. तिच्या कडेची उतरती पट्टी आरशासारखी. दोन्ही जिथं भेटतात तिथं सुरीच्या पात्यासारखी एकच रेघ, आठही बाजूंना सारखी. "पोलादात ही रेघ काढणं अवघड, पण पोलाद तुला साथ देतं. सोनं मऊ. हात जरा जास्त चालला की कड गोल होते, आणि एकदा गोल झाली की गेली. सोन्यात सरळ रेघ टिकवायची म्हणजे हाताला लगाम पाहिजे." हे सांगताना त्यांचा स्वतःचा अंगठा हवेत एक अदृश्य कड तपासत असतो.

या घड्याळाची कुंडली मामांना तोंडपाठ आहे. जेराल्ड जेंटा नावाच्या जिनीव्हाच्या माणसानं त्याचं चित्र काढलं, एका रात्रीत काढलं असं सांगतात, आणि पाणबुड्याच्या जुन्या पितळी शिरस्त्राणावरून त्याला ती आठ स्क्रूंची कल्पना सुचली. १९७२ साली ते बाजारात आलं ते पोलादात, आणि किंमत मात्र सोन्याच्या घड्याळांपेक्षाही जास्त. लोक हसले. सोन्यातलं रॉयल ओक त्यानंतर पाच वर्षांनी निघालं. इथं मामा थांबतात आणि बोट वर करतात. "लक्षात घे. आधी लोखंडाला सोन्याचा भाव मिळवून दिला, आणि मग सोनं वापरलं. म्हणजे पैसे कशाचे होते?"

"नावाचे," मामी आतून म्हणतात.

मामींचं सोन्याविषयीचं ज्ञान हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या कोकणातल्या, आणि सोनं त्यांच्या लेखी तोळ्यांत असतं. मामांनी एकदा मोठ्या उमेदीनं त्यांना एका पिवळ्याधमक घड्याळाचा फोटो दाखवला. मामींनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि पहिला प्रश्न विचारला, "किती तोळे?" मामा म्हणाले, वजनाचा प्रश्न नाही. "बरं, किती कॅरेट?" अठरा. मामींनी फोन परत दिला. "अठरा म्हणजे शंभरात पंचाहत्तर. उरलेलं तांबं आणि चांदी. मोडायला नेलं तर घट धरतील ती वेगळीच."

"अगं, बावीस कॅरेट घेतलं तर पट्टा वाकेल! कड्या झिजतील!"

"माझ्या पाटल्या नाही वाकल्या."

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, कारण पाटल्या खरोखरच वाकलेल्या नाहीत.

एकदा मामींनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. खेळायचं, पोहायचं घड्याळ, तर मग ते सोन्याचं कशाला? पोहायला सोनं घालून कोण जातं? मामा याच चेंडूची वाट बघत होते. "ऑक्टोबर १९२७," ते म्हणाले. "मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनची टायपिस्ट. इंग्लिश खाडी पोहायला उतरली तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर घड्याळ होतं. सोन्याचं! पाणी इतकं गार की दहा तासांनंतर तिला बाहेर काढावं लागलं. ती गारठली, पण घड्याळात थेंब शिरला नाही. कंपनीनं लंडनच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर जाहिरात दिली."

"किती कॅरेट?"

"नऊ," मामा हळूच म्हणाले.

मामींनी त्या आकड्यावर काही बोलणंही योग्य मानलं नाही. थोड्या वेळानं मात्र म्हणाल्या, "आम्ही सगळ्या मंगळसूत्र आणि बांगड्यांसकट विहिरीत उड्या मारायचो. आमची नाही कुणी जाहिरात दिली."

मामा लग्नाला आले की लोक खूश होतात, पण थोडे सावधही राहतात. नमस्कार करायला पुढं केलेला हात परत मिळायला वेळ लागतो. आमच्या एका भाचीच्या लग्नात वरपक्षाकडून दुबईचे काका आले होते. सोनेरी, भलंमोठं, अष्टकोनी घड्याळ. मामा मठ्ठा घेऊन येत होते, ते वाटेतच थबकले. मठ्ठ्याचा पेला माझ्या हातात आला आणि काकांचं मनगट मामांच्या हातात गेलं. काका फुशारून म्हणाले, "फुल गोल्ड!" मामांनी भिंग काढलं, क्षणभर बघितलं, खिशात ठेवलं. "देखणं आहे," म्हणाले. "पॉलिश मात्र कुणाला करू देऊ नका हं, कडा जातात." काका भारावले. हा सल्ला आजवर त्यांना कुणी दिला नव्हता.

हात धुताना मी विचारलं, काकांचं घड्याळ कसं होतं? मामांनी आजूबाजूला बघितलं, लग्नपत्रिका पालथी केली आणि तिच्यावर अष्टकोन काढला. "हे आठ स्क्रू. याची प्रत्येक खाच कडीच्या गोलाईबरोबर चाललेली असते, आठच्या आठ, एका ओळीत. लोकांना वाटतं, कुणीतरी बसून मोठ्या काळजीनं स्क्रू नेमके तिथंच थांबवले. थांबवलेले नाहीत! ते फिरतच नाहीत. त्यांची डोकी षटकोनी, बसतात षटकोनी खड्ड्यात. पिळायचं ते मागून. वरची खाच निव्वळ शोभेची. आणि सोन्याच्या घड्याळातही हे आठ पांढऱ्या सोन्याचे." मग पेन्सिलीनं आठ खाचा काढल्या, एक उभी, एक आडवी, एक तिरपी, जशी मनात येईल तशी. "काकांचे असे होते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लग्नात कुणाचं मनगट उतरवायचं नसतं," मामा म्हणाले आणि मठ्ठा मागितला. तो मी पिऊन टाकला होता.

अस्सल घड्याळ भेटलं की मात्र मामांचं भान सुटतं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक होती. बिल्डर साहेब आले, त्यांच्या मनगटावर गुलाबी सोन्याचं खरंखुरं रॉयल ओक. सभासद कार्पेट एरियावर तावातावानं बोलत होते आणि मामांचं लक्ष बिल्डरच्या बाहीत अडकलं होतं. चहाच्या वेळी त्यांनी गाठलंच. "साहेब, मागून बघितलंत का कधी?" बिल्डरला वाटलं इमारतीविषयी आहे. मग समजलं, आणि त्यानं चक्क घड्याळ काढून दिलं. मामांनी ते उलटं केलं. मागं काच, काचेतून आतलं यंत्र, आणि मनगट हललं की डोलणारा सोन्याचा रोटर, कोरीवकाम केलेला. "बघा! हे तुमच्या कातडीला टेकतं. कुणाला दिसत नाही. तरी प्रत्येक पट्टीची कड घासून चमकवलीय." बिल्डरनं बघितलं. मामांच्या भिंगातून पुन्हा बघितलं. तीन वर्षं घालत होता, म्हणाला, मागची बाजू आजच बघतोय. त्या दिवशी सोसायटीला कार्पेट एरिया एक इंचही वाढवून मिळाला नाही, पण मामा म्हणाले, माणूस चांगला आहे.

तबकडीवर ते अडकले की सुटका नाही. रॉयल ओकच्या तबकडीवर बारीक चौकोनांची जाळी असते, प्रत्येक चौकोन म्हणजे माथा कापलेला एक इवला पिरॅमिड. ती जुन्या पँटोग्राफ पद्धतीच्या यंत्रावर कोरतात: मोठ्या चकतीवरून एक टोक फिरतं आणि त्याच चालीनं छोट्या तबकडीवर दुसरं टोक कोरत जातं. मामांच्या टूलरूममध्येही एक पँटोग्राफ होता, त्यावर ते साच्यांवर नंबर कोरायचे. दोन्ही यंत्रं एकाच घराण्यातली, हे कळल्या दिवसापासून मामा स्वतःला रॉयल ओक जिथं घडतं त्या स्विस खेड्याचे, ल ब्रासूचे, लांबचे नातेवाईक समजतात. तिथले शेतकरी पूर्वी हिवाळ्यात बर्फामुळं घरी अडकले की खिडकीशी बसून घड्याळांचे भाग घडवायचे, हे सांगताना आवाज असा होतो की वाटावं, त्यांचेच सख्खे आजोबा. ऑडेमार पिगेनंच पुढं सचिनच्या नावाचं घड्याळ काढलं, तेव्हा तर मामांनी हा आपल्या घरातलाच सोहळा मानला.

बॅटरीच्या घड्याळांवर त्यांचा राग आहे, पण तो न्यायी माणसाचा राग आहे. मामींचं साधं टायटन महिन्यात काही सेकंदच चुकतं. लाखो रुपयांच्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागं किंवा सहा सेकंद पुढं जायची मुभा देऊन स्विस लोक अचूकतेचं प्रमाणपत्र देतात. मामी हा हिशेब अधूनमधून मांडतात. मामा मान्य करतात, आणि मग उसासा टाकून सांगतात की १९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, स्विस कारागिरांच्या पोटावर पाय आला, आणि त्या घड्याळाची पेटी कशाची होती? "सोन्याची! अठरा कॅरेट! शत्रूसुद्धा सोन्याचा कोट घालून आला."

त्यांची एक हौस मात्र आम्हाला महागात पडते. रोलेक्स डेटोना. १९६३ चं घड्याळ, फ्लोरिडातल्या मोटारशर्यतींच्या गावाचं नाव. सोन्याच्या डेटोनाच्या कडीवर वेग मोजायची पट्टी कोरलेली असते, ४०० पासून ६० पर्यंत. किलोमीटरच्या पाटीशी कळ दाबायची, पुढच्या पाटीशी पुन्हा दाबायची, काटा जिथं थांबला तो तुमचा ताशी वेग. छत्तीस सेकंद लागले तर शंभर. मुंबईला जाताना एक्स्प्रेसवेवर मामा पुढं बसतात, मोबाइलचं स्टॉपवॉच काढतात आणि "पाटी आली, पाटी आली... आत्ता!" असं ओरडतात. गाडी चालवणारा दचकतो. मग तोंडी भागाकार, मग "चौऱ्याण्णव!" मागून मामी विचारतात, "तिथं समोर काटा दिसतोय ना गाडीचा?" मामा म्हणतात, त्यात काय मजा.

परत येताना गाडी पुण्यात शिरली, चांदणी चौकाच्या अलीकडंच रांग लागली. मी विचारलं, आता किती? मामा गंभीरपणे म्हणाले, "साठाच्या खाली ती पट्टी चालत नाही."

"मग पुण्यात त्या घड्याळाचा उपयोग काय?"

"पुण्यात ते दागिना म्हणून घालायचं."

मुंबईच्या एका दुकानात त्यांना एकदा ते हातात घ्यायला मिळालं. इस्त्रीचा शर्ट, दाढी, केसांना तेल, अगदी मुलगी बघायला निघाल्यासारखे. दार उघडायला एक माणूस, घड्याळ दाखवायला पांढरे हातमोजे घातलेला दुसरा. त्यानं विचारलं, सर, काय घ्यायचंय? मामांनी सरळ सांगितलं, "घ्यायचं काही नाही, बघायचंय." दुपारची वेळ होती, दुकान रिकामं होतं, पोरगा कोल्हापूरकडचा निघाला. त्यानं पिवळ्या सोन्याचं डेटोना मखमलीवर ठेवलं. मामांनी आधी भिंगानं नव्हे, बोटांनी बघितलं. पट्ट्याच्या कड्या एकेक वाकवून सोडल्या, कुठं खडखड आहे का ते ऐकलं. कुलूप लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आवाज ऐक," मला म्हणाले, "एकच आवाज आहे. दोन नाहीत." मग भिंग. तासाभरानं तो पोरगा काउंटरवरून वाकून मामांच्या भिंगातून बघत होता आणि मामा त्याला त्याचाच माल समजावत होते. बाहेर आल्यावर ते गप्प होते. शेवटी चर्चगेटच्या लोकलमध्ये म्हणाले, "एक तरी चूक सापडायला हवी होती."

गेल्या दिवाळीआधी मामींनी जुनी ठुशी मोडून नवा हार करायचं ठरवलं. ठुशी त्यांच्या आजीची. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडं मीही गेलो होतो, कारण मामांना एकट्यानं सोन्याच्या दुकानात नेण्यात धोका असतो. सराफानं ठुशी काट्यावर टाकली, वजन सांगितलं, दोऱ्याचं आणि गोंड्याचं वजा केलं, घट धरली, आकडा लिहिला.

"आणि घडणावळ?" मामांनी विचारलं.

"नव्या हाराची? ती टक्क्यांवर."

"नाही, या ठुशीची. हिला जी मजुरी पडली होती ती."

सराफ हसला. "काका, मोडीत मजुरी कोण धरतं? सोनं तेवढं सोनं."

मामांनी भिंग काढलं. एक मणी सराफाला दाखवला. दोन वाट्या एकमेकींना जोडून केलेला, दाण्याएवढा, आणि सांधा भिंगाखालीसुद्धा शोधावा लागत होता. असे किती तरी, हातानं, त्या काळच्या दिव्याच्या उजेडात. पुढं पटवेकऱ्यानं ते असे गाठवले होते की दोन मण्यांत बोटाचं नखही शिरत नव्हतं. सराफानं बघितलं, त्याच्या मुलानं बघितलं, शेजारच्या काउंटरवरच्या बाई वाटी बघायची सोडून बघायला आल्या. मामा घड्याळाबद्दल बोलावं तसंच बोलत होते, फक्त स्वित्झर्लंड आलं नाही. सराफ शेवटी म्हणाला, "काका, काम एक नंबर आहे. पण भाव वजनाचाच देता येईल."

मामींनी ठुशी उचलून डबीत ठेवली. "राहू दे. भाव अजून वाढेल. पुढच्या वर्षी बघू." मामांकडं न बघता त्या उठल्या. आम्ही काहीच न घेता बाहेर पडलो. फुकटचा चहा तेवढा पोटात होता.

रिक्षात बसल्यावर मामींनी हात पुढं केला. "अहो, ते भिंग द्या जरा." डबी उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या. रिक्षा अलका टॉकीजच्या सिग्नलला थांबली होती.

"गोंड्याकडून सहावा मणी," मामी म्हणाल्या, "वाकडा आहे."

"कुठाय? दाखव. वाकडा नाही, तो फिरलाय."

"वाकडा आहे. तुमच्या त्या कारागिराला सांगा."

"भिंग तिरकं धरलंयस तू. सरळ धर. आता बघ."

"आताही वाकडाच आहे."

रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, काका, सरळ घेऊ का डावीकडं? दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा मीच म्हटलं, सरळ घ्या.